कुलूप कोणाचे, किल्ली कोणाकडे?

२०२० सालच्या जून महिन्यातली गोष्ट. शाळेला टाळे होते, वर्ग फोनवर भरवायचे होते आणि त्यासाठी एखादे ॲप निवडण्याचे काम मुख्याध्यापक या नात्याने माझ्याकडे आले. इतिहासात एम. ए. केलेल्या माणसाने ॲप निवडायचे ते कसे? मी दोनच गोष्टी पाहिल्या. एक, ते फुकट होते. दुसरी, त्याच्या जाहिरातीत 'संपूर्ण सुरक्षित' असे ठळक अक्षरांत लिहिले होते. दोन दिवसांत आमच्या कारकुनाने शाळेच्या दप्तरातली माहिती त्यात भरून टाकली. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, पालकांचा मोबाईल, आधार क्रमांक, जात आणि मातृभाषा. रकाने होते म्हणून भरले. रिकामा रकाना दिसला की तो भरायचा, ही आम्हा शाळावाल्यांची जुनी खोड.

दोन महिन्यांनी पालकांना कुठल्याशा शिकवणी वर्गाचे फोन येऊ लागले. बोलणाऱ्याला मुलाचे नाव ठाऊक, इयत्ता ठाऊक. एवढेच असते तर मी मनावर घेतले नसते. पण तो मराठी घरात मराठीतून बोलत होता, कानडी घरात कानडीतून आणि उर्दू घरात उर्दूतून. आणि एकदाही चुकत नव्हता. एक दिवस आठवीतल्या एका मुलीची आई शाळेच्या फाटकाशी आली. त्यांचे बाजारपेठेत छोटे दुकान आहे, पाटी कानडीत आहे, गिऱ्हाईकही बहुतेक कानडीच. ती भांडायला आली नव्हती. तिने एवढेच विचारले, "सर, आम्ही घरात मराठी बोलतो म्हणून त्या माणसाला कोणी सांगितलं हो?"

सीमाभागातल्या वाचकाला या प्रश्नाचे वजन सांगायला नको. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून मातृभाषेच्या या एका रकान्याने आपल्याकडे काय काय घडवले! त्यासाठी मोर्चे निघाले, १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, २००४ साली वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पाटी एका भाषेत आणि देवघरातली आरती दुसरीत, हे आपल्या घरांना नवीन नाही. कोणती भाषा कुठे बोलायची, कोणापुढे बोलायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. त्या कुटुंबाचे ते ठरवणे मी त्यांना न विचारता परक्याच्या हाती दिले होते. यादी तिथूनच फुटली हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही; पण नाव, इयत्ता, फोन आणि भाषा अशा चारी गोष्टी एकत्र असलेली दुसरी यादी माझ्या माहितीत नव्हती. दोष माझा होता. त्या बाईंना मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले आणि घरी आलो.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. संगणकाचे शास्त्र मला येत नाही, म्हणून मला येते त्या वाटेने, म्हणजे इतिहासाच्या वाटेने गेलो. वाचता वाचता ध्यानात आले, की हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेलाच नाही. माणूस दुसऱ्याच्या हाती पत्र देऊ लागला त्या दिवसापासून तो आहे.

इटलीचा देशभक्त मॅझिनी १८४४ साली लंडनमध्ये परागंदा होऊन राहत होता. त्याच्या मराठी ओळखीबद्दल वेगळे सांगायला नको; लंडनमध्ये असताना सावरकरांनी मॅझिनीच्या लिखाणाचा मराठी अनुवाद केला, तो १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे सरकारजमा झाला. तर या मॅझिनीला संशय आला, की आपली पत्रे वाटेत कोणीतरी फोडते. नुसता आरडाओरडा न करता त्याने परीक्षा घेतली. मित्रांना सांगून पाकिटात खसखशीचे दाणे, वाळूचे कण, एखादा केस घालून पत्रे टाकायला लावली. पत्रे हाती आली ती लाख जशीच्या तशी, पण आतली खसखस नाहीशी झालेली. मग डंकोंब नावाच्या सभासदाकरवी त्याने हे प्रकरण पार्लमेंटात नेले. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकमाने पत्रे उघडली गेली होती हे उघड झाले. इंग्लंडमध्ये एवढा गहजब झाला, की लोक पाकिटांवर गृहमंत्र्यांची टर उडवणाऱ्या चिकट्या लावू लागले. चौकशी समित्या बसल्या आणि परदेशी टपाल उघडणारी टपाल खात्यातली गुप्त शाखा त्याच वर्षी बंद झाली. सरकारचा पत्रे उघडण्याचा अधिकार मात्र कायम राहिला. मॅझिनीपासून मी पहिला धडा घेतला : लाखेचा शिक्का शाबूत दिसतो म्हणून पत्र शाबूत आहे असे समजू नये. 'संपूर्ण सुरक्षित' ही अक्षरे म्हणजे लाखेचा शिक्का. मी तेवढाच पाहिला होता.

आपल्याकडची कथा वेगळी नाही. १८८५ चा तार कायदा आणि १८९८ चा टपाल कायदा, दोहोंत सरकारला संदेश अडवण्याचा अधिकार होता आणि स्वातंत्र्यानंतरही हे कायदे तसेच चालत राहिले. १९८६ साली हा अधिकार आणखी वाढवणारे टपाल दुरुस्ती विधेयक संसदेने मंजूर केले. पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. त्याचा कायदा कधीच झाला नाही. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने फोन चोरून ऐकण्यावर नियमांचे बंधन घातले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. हक्क मिळाला, ही मोठीच गोष्ट झाली. पण जुन्या कायद्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या टपाल आणि दूरसंचार कायद्यांतही संदेश अडवण्याचा अधिकार आहेच. तात्पर्य, कायदा हवाच. परंतु कायद्याच्या भरवशावर दार सताड उघडे टाकून कोणी झोपत नाही. दाराला कुलूप लागते.

कोणते कुलूप चांगले, याचे उत्तर मला एका भाषाशिक्षकाकडून मिळाले, याचा शिक्षक म्हणून मला विशेष आनंद वाटतो. ऑग्युस्त केर्कहॉफ्स हा मूळचा हॉलंडकडचा गृहस्थ पॅरिसमध्ये जर्मन भाषा शिकवीत असे. १८८३ साली त्याने लष्करी सांकेतिक लिपीवर एक निबंध लिहिला आणि चांगल्या लिपीच्या सहा कसोट्या सांगितल्या. त्यांतली सर्वांत महत्त्वाची अशी : लिपीची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त असावी ती फक्त किल्ली. वरवर पाहता हे उलटेच वाटते. आपल्याला वाटते, की जितके लपवावे तितके सुरक्षित. आपल्या जुन्या घरांतून मोडी कागदांची पेटकी असतात. आज ती कोणाला वाचता येत नाहीत, म्हणून काहीजण मोडीला गुप्त लिपी समजतात. ती कधीच गुप्त नव्हती. भरभर लिहिता यावे म्हणून वापरात होती. वाचणारा एक जाणकार भेटला, की देण्याघेण्याचा सगळा मजकूर उघडा! न समजणे म्हणजे कुलूप नव्हे. केर्कहॉफ्सचे म्हणणे असे, की कुलपाची रचना चार जाणत्यांना उघडून पाहू द्या. त्यांना ते किल्लीवाचून उघडता आले नाही, तरच ते कुलूप खरे. आज ज्या सॉफ्टवेअरची मूळ रचना कोणालाही पाहता येते त्याला 'ओपन सोर्स' म्हणतात, आणि ते निवडण्यामागचे तत्त्व हेच आहे. अर्थात पाहता येणे वेगळे आणि कोणी पाहिलेले असणे वेगळे. २०१४ साली 'हार्टब्लीड' नावाचा दोष सापडला तो अशाच उघड्या रचनेत, आणि तो तिथे दोन वर्षे कोणाच्या नजरेस आला नव्हता. म्हणून रचना उघडी आहे का, या प्रश्नाला जोडून ती जाणत्यांनी तपासली आहे का, हेही विचारावे.

केर्कहॉफ्सची सहावी कसोटीही मला फार आवडते. पद्धत वापरायला सोपी असावी, डोक्याला ताण आणि नियमांची लांबलचक यादी नको. किल्लीचा एवढा मोठा जुडगा, की दार उघडेच ठेवणे बरे वाटावे, अशी सुरक्षितता काय कामाची?

कुलूप चांगले असले, तरी किल्ली समोरच्या माणसापर्यंत पोहोचवायची कशी, ही अडचण शतकानुशतके होती. १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोघा अमेरिकनांनी ती सोडवली. त्यांची युक्ती दारावरच्या पत्रपेटीसारखी समजावी. फटीतून पत्र कोणीही टाकावे, पण पेटी उघडण्याची किल्ली घरमालकाकडेच. १९९१ साली फिल झिमरमन नावाच्या प्रोग्रामरने या तत्त्वावरचे 'पीजीपी' हे सॉफ्टवेअर सामान्य माणसांसाठी फुकट वाटले. ते अमेरिकेबाहेर गेले आणि १९९३ साली त्याच्यामागे चौकशी लागली, कारण तिथल्या कायद्याने असली सॉफ्टवेअरे तोफा-बंदुकांच्या यादीत मोडत होती. तेव्हा त्या सॉफ्टवेअरची सगळी रचना १९९५ साली एमआयटीच्या मुद्रणालयाने चक्क पुस्तकरूपाने छापली. शस्त्र बाहेर पाठवणे गुन्हा असेल, पुस्तक पाठवणे कसा असेल? जानेवारी १९९६ मध्ये चौकशी थांबली. त्याच सुमारास अमेरिकन सरकारने 'क्लिपर' नावाची चिप पुढे केली होती. फोनवरचे बोलणे कुलूपबंद होईल, पण प्रत्येक कुलपाची एक किल्ली सरकारी कचेरीत राहील, अशी ती योजना. १९९४ साली मॅट ब्लेझ या संशोधकाने तिच्यातला दोष दाखवला आणि दोनेक वर्षांत ती योजना बारगळली.

किल्ली कोणाकडे, हा प्रश्न केवढा मोठा आहे, हे २०१३ साली जगाला कळले. त्या वर्षी एडवर्ड स्नोडेनने अमेरिकन सरकारची टेहळणी उघड केली. तो 'लावाबिट' नावाची ईमेल सेवा वापरीत असे. सरकारने सेवेचा मालक लॅडर लेव्हिसन याच्याकडे किल्ली मागितली. पण ती एकाच माणसाची नव्हती. चार लाखांच्या आसपास ग्राहकांच्या टपालाची वाट त्या एका किल्लीने उघडत होती. लेव्हिसनने आधी ती डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरांत अकरा पानांवर छापून दिली. शेवटी ८ ऑगस्ट रोजी सेवाच बंद केली. माणूस बाणेदार, पण आपण आपला भरवसा मालकाच्या बाणेदारपणावर ठेवायचा का?

याच्या उलट दुसरी हकीगत. २०१६ साली अमेरिकेतल्या एका न्यायालयाकडून 'सिग्नल' या संदेशसेवेकडे एका ग्राहकाची माहिती मागण्यात आली. त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या : खाते उघडल्याची वेळ आणि शेवटचे जोडले गेल्याची वेळ. संदेशांची किल्ली ग्राहकांच्याच फोनात. कोण कोणाशी बोलले, ही नोंद ठेवलेलीच नव्हती. जे साठवले नाही, ते मागूनही मिळत नाही आणि चोरूनही नेता येत नाही.

न साठवण्याचे हे महत्त्व एका फार दुःखद प्रसंगातून कळते. हॉलंडमधल्या नागरी नोंदींत युद्धापूर्वीपासून धर्माचा रकाना होता. तो कोणाच्या वाइटासाठी ठेवलेला नव्हता. नोंदी नीटनेटक्या ठेवणारे ते सरकार. १९४० साली नाझी आले आणि त्यांना ज्यू घरे शोधायला तयार याद्या मिळाल्या. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही देशभक्तांनी पोलिसांच्या वेषात शिरून ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीला आग लावली. थोडीच कार्डे जळाली. त्यांच्यापैकी बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. हॉलंडमधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. माझ्या शाळेच्या यादीची या प्रसंगाशी तुलना मी करीत नाही. तसे करणे त्या मृतांचा अपमान ठरेल. पण रकाना भरणाऱ्याचा हेतू आणि पुढे तो वाचणाऱ्याचा हेतू एकच असेल असे नाही, एवढे मी त्यातून शिकलो.

असो. या वाचनातून माझ्या हाती तीन प्रश्न आले. किल्ली कोणाकडे? रचना कोणी तपासली आहे का? आणि मुळात एवढी माहिती मागण्याची गरज काय? हे प्रश्न घेऊन मी शाळेत आणि घरात पुन्हा निवड केली.

व्हॉट्सॲप आज घरोघर आहे. एप्रिल २०१६ पासून त्यातले संदेश पाठवणारा आणि घेणारा या दोघांच्याच किल्लीने उघडतात. परंतु कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलले, ही पाकिटावरची माहिती कंपनीला दिसू शकते. शिवाय संदेशांची जी प्रत बॅकअप म्हणून साठवली जाते तिला हेच कुलूप लावण्याची सोय २०२१ साली आली, पण ती सेटिंगमध्ये जाऊन आपण चालू करावी लागते. टेलिग्रामची जाहिरात सुरक्षिततेची असली, तरी त्यातले नेहमीचे संदेश असे दोघांपुरते कुलूपबंद नसतात. त्यासाठी 'सिक्रेट चॅट' वेगळे निवडावे लागते. आम्ही शिक्षकांचे मुलांविषयीचे बोलणे सिग्नलवर नेले. पालकांना मात्र नवे ॲप घ्या म्हणून सक्ती केली नाही. सहावी कसोटी आठवली. त्यांच्या गटावर आता सूचना जातात, याद्या जात नाहीत.

ब्राउझर म्हणून शाळेतल्या संगणकांवर फायरफॉक्स घातला, कारण त्याची रचना उघडी आहे. पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' असले म्हणजे वाट सुरक्षित, दुकानदार प्रामाणिक असा त्याचा अर्थ नव्हे, हे मुलांना शिकवतो. पासवर्ड एका वहीत लिहून ती टेबलावर ठेवण्याची माझी सवय मोडली; आता 'कीपासएक्ससी' नावाच्या फुकट आणि उघड्या रचनेच्या तिजोरीत ते आमच्याच संगणकावर राहतात आणि मला एकच लांब वाक्य पाठ ठेवावे लागते.

व्हीपीएन घ्या, सगळे लपेल, असे एका पालकांनी सुचवले. पण व्हीपीएन म्हणजे आपली सगळी पत्रे एका नव्या जासुदाच्या हाती देणे. जुन्याऐवजी आता त्याच्यावर विश्वास टाकायचा. एप्रिल २०२२ मध्ये अशा सेवांनी ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपावेत असा आदेश आपल्याकडे निघाला आणि अनेक सेवांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. म्हणून तो कशासाठी हवा हे आधी ठरवावे. आणि फोन स्वतःच कोणाच्या ताब्यात गेला, तर कुठलेच कुलूप उपयोगी नाही. तेव्हा फोनचे अपडेट आले की ते टाळू नये.

ते फुकटचे ॲप आम्ही सोडले, कंपनीला लेखी कळवून माहिती पुसायला सांगितले. पुसली, असे उत्तर आले. खसखस घालून पाहण्याची सोय नव्हती! नव्या पद्धतीत मुलाचा हजेरी क्रमांक आणि पहिले नाव एवढेच जाते. जात, आधार, मातृभाषा सरकारी कामापुरती दप्तरात, आणि दप्तर कपाटात. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात काही अपवाद सोडता १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, असे म्हटले आहे. बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. आम्ही वाट न पाहता आमच्या प्रवेश अर्जावर एक ओळ वाढवली : ही माहिती कशासाठी हवी आणि कोणाला दिली जाईल. अर्ज कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहे.

हे सगळे झाल्यावर एका संध्याकाळी मी त्या बाईंच्या दुकानात गेलो. पहिल्यांदा दिलेले उत्तर गुळमुळीत होते, खरे उत्तर द्यायचे राहिले होते. ती माहिती मीच घातली होती, असे सांगितले. त्यांनी गिऱ्हाइकाला कानडीतून सुटे पैसे दिले, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "विचारून घातला असता तर आम्ही नको म्हटलं असतं होय, सर?"

वाचकहो, एवढा इतिहास धुंडाळून मला जे सापडले नाही, ते त्या एका वाक्यात होते. या दिवाळीत मुले-नातवंडे घरी येतील, फराळानंतर फोन घेऊन बसतील. त्यांच्याशेजारी बसा आणि आपल्या फोनातल्या एकेका ॲपला ते तीन प्रश्न विचारा. आणि दुसऱ्याचे नाव, फोटो, नंबर पुढे पाठवण्याआधी चौथा प्रश्न स्वतःला विचारा : ज्याचे आहे, त्याला विचारले का?